आठ नंबरच्या ओटीत खरंच काय घडू शकतं?

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एका पुस्तकावर गप्पा होतात. गेल्या खेपेला रॉबिन कुक यांची 'कोमा' होती. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे लोकांच्या भाषेत 'भुलीच्या डॉक्टर'. त्यामुळे गप्पा सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरबाई, हे असं होऊ शकतं का हो?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर ते पूर्ण खरं नव्हतं, आणि 'हो' म्हटलं असतं तर निम्मे लोक ऑपरेशनचं नावच टाकून बसले असते. उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहून काढते आहे. कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही त्यांना आधीच सांगते, तिच्यातली एक युक्ती मला इथे उघड करावी लागणार आहे. खलनायक कोण आणि शेवटी काय होतं, ते मात्र सांगणार नाही.

कथा थोडक्यात अशी. बॉस्टनमधलं एक मोठं, नावाजलेलं रुग्णालय. सुझन व्हीलर ही वैद्यकीय विद्यार्थिनी तिथे वॉर्डात शिकायला येते. एका तरुणीचं क्युरेटिंग, म्हणजे गर्भपिशवी आतून साफ करणं, होतं, एका तरुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन्ही कामं अगदी रोजची. पण ही धडधाकट माणसं भुलीतून बाहेर येतच नाहीत. डॉक्टर हळहळतात, 'गुंतागुंत झाली' म्हणतात आणि पुढच्या केसकडे वळतात. सुझनला ते पटत नाही. ती मोजायला लागते आणि धागा आठ नंबरच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत, म्हणजे आमच्या भाषेतल्या 'ओटी'पर्यंत, जातो. कादंबरी १९७७ सालची. कुक स्वतः डोळ्यांचे डॉक्टर. पुढच्याच वर्षी मायकेल क्रायटन यांनी तिच्यावर चित्रपट काढला, आणि तेही डॉक्टरकी शिकलेले.

वाचकांची मतं ऐकताना मला गंमत वाटत होती आणि काळजीही. एक निवृत्त मास्तर ठामपणे म्हणाले, "अतिशयोक्ती आहे सगळी. एवढे डॉक्टर, एवढ्या सिस्टर, आणि कुणालाच काही कळत नाही?" औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाला वैद्यकीय शब्दांचा मारा फार झाला, पण त्याच शब्दांमुळे सगळं खरं वाटत होतं, असंही तोच म्हणाला. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला सुझनच्या दिसण्याचं पानोपानी केलेलं वर्णन खटकलं. एका मावशींचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं, ते त्यांनी पुस्तक अर्ध्यावर असतानाच पुढे ढकललं होतं. आणि अगदी शेवटी, निघता निघता, एक काका हळूच म्हणाले, "म्हणूनच मी अवयवदानाच्या फॉर्मवर सही केली नाही बघा."

मास्तरांचं मत आणि काकांचं मत, ही दोन्ही माझ्याबरोबर घरी आली.

भूल ही झोप नव्हे

आम्ही पेशंटला सांगतो, "आता तुम्हाला झोप लागेल." धीर देण्यासाठी ते ठीक आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचं पोट उघडलं तरी तो हलत नाही. ही औषधानं आणलेली, औषध थांबलं की उतरणारी बेशुद्धी आहे. कोमाशी तिचं नातं झोपेपेक्षा जवळचं आहे, आणि कादंबरीचं नाव या जागी नेमकं बोट ठेवतं.

पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या ऑपरेशनात आम्ही स्नायू सैल करणारं औषधही देतो. त्यानं श्वासाचे स्नायूही थांबतात. त्या क्षणापासून पेशंट स्वतः श्वास घेत नाही, त्याचा श्वास मी घेते, माझ्या हातातली पिशवी किंवा मशीन घेतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो खातो जवळजवळ २० टक्के. साठवण मात्र काहीच नाही. पुरवठा पूर्ण तुटला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. हृदय, मूत्रपिंडं, यकृत त्यापेक्षा बराच वेळ तग धरतात. मेंदू गेला आणि बाकी शरीर धडधाकट राहिलं, अशी अवस्था यातूनच येते. कुक यांनी सगळी कथा या एका फरकावर उभी केली आहे.

आता ती युक्ती. आठ नंबरच्या ओटीकडे जाणाऱ्या ऑक्सिजनच्या नळीला छताच्या वर कुणीतरी गुपचूप जोड दिलेला असतो. त्यातून सोडला जातो कार्बन मोनॉक्साइड. पेशंटचा मेंदू जातो, बाकीचे अवयव शाबूत राहतात, आणि तेच अवयव पुढे विकले जातात.

हा वायू मराठी घरांना अनोळखी नाही. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवून कुणी आंघोळीला गेलं आणि बाहेर आलंच नाही, अशी बातमी आपल्याकडे दरवर्षी कुठून ना कुठून येते. खोली बंद करून शेगडी पेटवून झोपलेल्यांचंही तेच. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतं. एसटीत सगळ्या जागांवर कुणीतरी आधीच बसलेलं असावं, स्टँडवर माणसं हात करत उभी असावीत आणि गाडी भरलेलीच निघून जावी, तसं होतं. हवेत ऑक्सिजन आहे, फुप्फुसात आहे, पण रक्तात त्याला जागाच नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे असं रक्त काळंनिळं पडत नाही, लालच राहतं.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर

"कुणालाच कळत नाही?" याचं उत्तर कादंबरीच्या सालात आहे. १९७७ मध्ये ऑक्सिजन कमी पडतोय हे भुलीचा डॉक्टर मुख्यतः डोळ्यांनी ओळखत असे. ओठ निळे पडले का, नखं काळवंडली का, जखमेतलं रक्त गडद झालं का. बोट नाडीवर, कान स्टेथोस्कोपला, दर पाच मिनिटांनी रक्तदाब. आम्हाला शिकवणारे वरिष्ठ असेच तयार झालेले होते, आणि पेशंटच्या ओठांवरची त्यांची नजर मी अजून विसरलेले नाही. पण या पद्धतीचा सगळा भरवसा रंगावर. रंगच बदलू न देणारा वायू आत सोडला तर ती नजर हरणार. लेखकानं विष निवडताना इथे नेमका विचार केलेला दिसतो. मास्तर, त्या काळात कळलं नसतं.

मग आज कळेल का? कोविडच्या काळात घरोघरी बोटाला चिमटा लावून आपण 'नव्वदच्या खाली आला का' पाहत होतो. तो पल्स ऑक्सिमीटर. त्याच्यामागचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. ऐंशीच्या दशकात तो ओटीत रुळला, आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं भुलीदरम्यान काय काय सतत पाहायचं याचे नियम घालून दिले. भूल सुरक्षित होण्यामागे अशा गोष्टींचा वाटा फार मोठा आहे.

वाचनालयात मी "आता ऑक्सिमीटर असतो, त्यामुळे काळजी नाही" एवढंच बोलून गेले होते. ते अर्धवट होतं. ऑक्सिमीटर दोन प्रकारचा प्रकाश बोटातून सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा, आणि रक्त किती लाल आहे यावरून अंदाज बांधतो. म्हणजे तोही शेवटी रंगच पाहतो. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेलंच वाटतं. गीझरच्या धुरात सापडलेल्या माणसाच्या बोटाला तो चिमटा लावला तर आकडा ९८ सुद्धा दाखवेल. खरी स्थिती कळायला रक्ताचा नमुना खास यंत्रातून तपासावा लागतो. सर्दी-ताप नसताना बंद घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि ऑक्सिमीटर 'सगळं छान' म्हणतोय, असं कधी झालं तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा, दवाखाना गाठा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

सोमवारची सकाळ

ओटीत कार्बन मोनॉक्साइड येणं ही निव्वळ कल्पना आहे का? मला स्वतःला सगळ्यात थरारक वाटणारी गोष्ट इथे आहे, आणि ती कादंबरीत नाही.

भुलीच्या यंत्रात पेशंटनं सोडलेला श्वास वाया घालवत नाहीत. तो एका डब्यातून फिरवून परत वापरतात. त्या डब्यात सोडालाइमचे पांढरे दाणे असतात. ते श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि संपत आले की रंग बदलतात. दाणे थोडे ओलसर असावे लागतात. आता समजा, शुक्रवारी शेवटचं ऑपरेशन झाल्यावर यंत्राचा ऑक्सिजन बंद करायचा कुणाच्या तरी लक्षातून गेलं. शनिवार-रविवार कोरडा वायू त्या दाण्यांतून वाहत राहिला. सोमवारी सकाळपर्यंत दाणे वाळून कोरडेठाक. बाहेरून पाहिलं तर पांढरेशुभ्र, नव्यासारखे. त्यांच्यातून काही विशिष्ट भुलीची औषधं गेली, डेसफ्लुरेनसारखी, की रासायनिक क्रियेनं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि पेशंटच्या श्वासात जातो.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं, कारण असे पेशंट पुन्हा पुन्हा सोमवारच्या पहिल्या केसचे निघत होते. यात कट नव्हता, खलनायक नव्हता. एक उघडा राहिलेला नॉब होता आणि सुट्टीचे दोन दिवस होते. सुझनसारखंच कुणीतरी बसून वार लिहून काढले, म्हणून ते सापडलं. त्यानंतर दाण्यांची रसायनं बदलली, सर्वांत जास्त त्रास देणारा एक प्रकार बाजारातूनच गेला, आणि शंका असेल तर दाणे बदलून टाकायचे हा नियम झाला.

नळ्यांचा घोटाळाही खरा आहे. ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूची नळी जोडली जाऊन माणसं दगावल्याच्या घटना जगभरात झाल्या आहेत. म्हणून आपल्याकडे ऑक्सिजनचं सिलिंडर काळं आणि खांद्याला पांढरं, तर नायट्रसचं निळं. तेवढ्यावर न थांबता प्रत्येक लहान सिलिंडरच्या तोंडाशी ठरावीक जागी भोकं आणि यंत्रावर त्याच जागी खुंट्या असतात. ऑक्सिजनच्या दोन आणि पाच क्रमांकावर, नायट्रसच्या तीन आणि पाचवर. चुकीचं सिलिंडर बसतच नाही. रात्री तीन वाजता डोळे मिटत असताना हात चुकू शकतो, पण खुंटी चुकत नाही.

म्हणजे लेखकानं ज्या जागेकडे बोट दाखवलं ती जागा अगदी बरोबर होती. फक्त तिथे दुष्ट माणूस सहसा उभा नसतो, थकलेला माणूस असतो. आणि दुष्ट माणसापेक्षा थकलेली माणसं कितीतरी जास्त आहेत, म्हणून मला त्यांची जास्त धास्ती वाटते.

बॉस्टनच का?

कुक यांनी बॉस्टन का निवडलं, याचं साधं कारण म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी तिथेच घेतलं. पण त्या शहराचा वैद्यकीय इतिहास पाहिला की कादंबरी वेगळीच वाटू लागते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल देऊन लोकांसमोर शस्त्रक्रिया झाली, ती बॉस्टनमध्ये. २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांपैकी एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं आणि ते टिकलं, तेही बॉस्टनमध्ये. कथेचे दोन्ही आधार, भूल आणि अवयव बदलणं, या एकाच गावचे.

तिसरा दुवा म्हणजे डॉ. हेन्री बीचर, बॉस्टनचेच आणि माझ्याच व्यवसायातले. १९५४ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर दहा रुग्णालयांतल्या सुमारे ६ लाख भुलींचा हिशेब मांडला आणि भुलीमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण दीड हजारात एक असल्याचं दाखवलं. आज प्रगत देशांत निरोगी माणसासाठी हे प्रमाण लाखात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी धरलं जातं. मग १९६६ मध्ये त्यांनी आपल्याच व्यवसायावर बोट ठेवलं. पेशंटला न सांगता, न विचारता त्यांच्यावर प्रयोग केल्याची बावीस उदाहरणं त्यांनी छापली, आणि ती अडाणी वैदूंची नव्हती, प्रतिष्ठित संस्थांमधली होती. 'कोमा' वाचताना जी भीती वाटते, की 'मोठ्या कामासाठी' मोठे डॉक्टर एखाद्याचा बळी देतील, ती हवेतून आलेली नाही. ती लेखकाच्या काळात छापून आलेली गोष्ट होती.

१९६८ मध्ये बीचर यांच्याच अध्यक्षतेखाली हार्वर्डच्या समितीनं 'मेंदूचा मृत्यू' कशाला म्हणायचं ते ठरवलं. आणि इथेच तो गोंधळ सुरू झाला, ज्यामुळे काकांनी सही केली नाही.

कोमात गेला, मशीनवर ठेवलंय, ब्रेनडेड आहे

आयसीयूच्या बाहेर नातेवाईक हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात. दोष त्यांचा नाही. हार्वर्डच्या समितीनं आपल्या अहवालाच्या नावातच मेंदूच्या मृत्यूला 'परत न फिरणारा कोमा' म्हटलं होतं. तज्ज्ञांनीच दोन शब्द एकत्र बांधले, ते सुटायला किती वर्षं लागली.

कोमा म्हणजे डोळे मिटलेले, हाक मारून, चिमटा काढून जाग येत नाही. पण मेंदू जिवंत आहे. त्याची खोली मोजायला ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली पट्टी जगभर वापरतात, आपल्याकडेही; आज ती ३ ते १५ गुणांची आहे. 'जीसीएस किती आहे?' असं आयसीयूत ऐकू येतं ते हेच. कोमा बहुधा काही आठवडेच टिकतो. मग माणूस हळूहळू शुद्धीवर येतो, किंवा दगावतो, किंवा तिसऱ्याच अवस्थेत जातो.

ती तिसरी अवस्था महाराष्ट्रानं जवळून पाहिली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, गळा आवळल्यानं मेंदूचा ऑक्सिजन तुटला. त्या १८ मे २०१५ पर्यंत जगल्या. डोळे उघडत, झोप-जाग चाले, श्वास स्वतःचा होता. पण आजूबाजूच्या जगाची जाणीव जवळजवळ नव्हती. केईएमच्या परिचारिकांनी बेचाळीस वर्षं त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. अरुणाताई वर्तमानपत्रांत 'कोमात' होत्या, पण ती अवस्था वेगळी होती, आणि मेंदूचा मृत्यू तर तो नव्हताच.

अमेरिकेत कॅरन अ‍ॅन क्विनलन ही तरुणी १९७५ मध्ये अशीच बेशुद्ध झाली. व्हेंटिलेटर काढू द्या म्हणून आईवडील न्यायालयात गेले, १९७६ मध्ये परवानगी मिळाली, व्हेंटिलेटर काढला आणि ती स्वतः श्वास घेत आणखी नऊ वर्षं जगली. सगळा देश त्या खटल्यावर बोलत असताना, पुढच्याच वर्षी 'कोमा' आली. तिचा खप एवढा का झाला, याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं.

मेंदूचा मृत्यू ही मात्र वेगळीच गोष्ट. मेंदूच्या बुडाशी असलेला देठ, जिथून श्वास आणि जागेपणा चालतो, तो कायमचा बंद पडलेला असतो. बुबुळावर उजेड टाकला तरी हलत नाही, घशात नळी घातली तरी खोकला येत नाही, आणि व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून पाहिलं तर एकही श्वास उमटत नाही. हृदय मात्र धडधडत असतं, कारण त्याची ठोके देणारी जागा त्याच्या आतच असते. ऑक्सिजन मिळेल तोवर ते मेंदूला न विचारता चालतं. अंग गरम, छाती वरखाली, आणि डॉक्टर म्हणतात माणूस गेला. आईनं हे कसं मानावं? मला हे समजावून सांगायची वेळ आली तेव्हा दर वेळी शब्द अपुरे पडले आहेत.

फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्येच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, जगातल्या पहिल्या रोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला. मेंदूचा मृत्यू म्हणजे काय, हे सांगणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो आला १९९४ मध्ये. त्यानुसार मेंदूचा मृत्यू चार डॉक्टरांनी मिळून ठरवायचा, आणि त्यांतला एकही अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या चमूतला असता कामा नये. सगळ्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा करायच्या. त्यानंतरही घरच्यांची लेखी संमती लागते. आणि अवयव कुणाला जाणार, हे रुग्णालय आपल्या मनानं ठरवत नाही. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या प्रतीक्षायादीप्रमाणे ठरवतात.

तर काका, तुम्हाला सांगायचं ते हे. कोमातल्या माणसाचे अवयव काढता येत नाहीत. अरुणाताईंसारख्या अवस्थेतल्याचेही नाहीत. कादंबरीनं ज्यांना बळी दाखवलं ते कायद्यानं जिवंत आहेत. आणि तुमच्या कार्डावर सही असली म्हणून आयसीयूत तुमच्यावर कमी मेहनत होईल असंही नाही. जो डॉक्टर तुम्हाला वाचवायला धडपडतो आहे त्याचा अवयव बसवण्याशी संबंध नसावा, म्हणूनच तो नियम आहे.

मग अवयवांचा काळाबाजार खोटा का? मुळीच नाही. कादंबरी आली तेव्हा अमेरिकेतही अवयव विकण्यावर देशभर बंदी घालणारा कायदा नव्हता, तो १९८४ मध्ये आला. आपल्याकडे १९९४ पूर्वी गरीब माणसांची मूत्रपिंडं पैशांवर घेतली जात, उघडपणे. कायद्यानंतरही टोळ्या पकडल्या गेल्या. पण त्यांची पद्धत पाहा. छतात नळी नाही, कादंबरीतल्यासारखी दोऱ्यांना टांगलेली शरीरं नाहीत. कर्जात बुडालेला एक माणूस, एक दलाल, आणि त्याला पेशंटचा भाऊ, किंवा बाई असेल तर बायको, ठरवणारी खोटी कागदपत्रं. आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं एवढ्या नात्यांत देणं कायद्याला मान्य आहे, म्हणून बनावट नातं तयार करतात. हा गुन्हा आयसीयूत कमी आणि झेरॉक्सच्या दुकानात जास्त घडतो. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिली तर मी पहिली प्रत घेईन.

टांगलेल्या शरीरांचा उल्लेख आलाच आहे. कोमातल्या पेशंटांना तारांनी अधांतरी लटकवून ठेवलेली ती संस्था सगळ्यांच्या मनावर कोरली जाते. त्यामागे एक खरी अडचण आहे. हालचाल नसलेल्या माणसाला पाठीला, टाचेला, माकडहाडावर दाबानं जखमा होतात, त्यातून जंतुसंसर्ग होतो. शरीर कशालाच टेकलं नाही तर जखमच होणार नाही, असा लेखकाचा हिशेब. हाडातून तार घालून वजन लावणं हाडांचे डॉक्टर करतातच, त्यावरून ते सुचलं असावं. पण असं टांगलं तर तारेच्या प्रत्येक भोकातून जंतू शिरतील. अरुणाताईंच्या पाठीला जखम होऊ न देणारी पद्धत फार साधी होती. ठरलेल्या वेळी कूस बदलणारे हात.

सुझनबद्दल त्या मुलीचं म्हणणं मला पटलं. हुशार मुलगी ओटीत आली की आधी तिच्या दिसण्यावर आणि मग हिमतीवर शेरे, हे कादंबरीत आहे आणि माझ्या शिकण्याच्या दिवसांतही होतं. लेखक त्यावर टीका करतो आहे की स्वतःच तसं पाहतो आहे, हे मला अजून ठरवता येत नाही. पण मोजायला बसणारी तीच आहे, बाकी सगळे 'होतं असं कधी कधी' म्हणत असताना. त्यासाठी मला ती आवडते.

मावशींचं राहिलं. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं होतं, आणि मधल्या काळात दोनदा पोटात कळा येऊन गेल्या. शेवटी तारीख ठरली, आणि भूल द्यायला मीच होते. आता ओटीत भूल देण्यापूर्वी एक यादी मोठ्यानं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी ज्यांच्या पुढाकारानं तयार झाली ते डॉ. अतुल गवांदे बॉस्टनचेच, आणि त्यांचे वडील आपल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९ मध्ये छापून आलं. एकोणीस मुद्दे, एक कागद.

मावशींना टेबलावर घेतलं. मी विचारलं, नाव काय? कशाचं ऑपरेशन आहे? संमतीपत्रावर सही तुमचीच ना? कशाची अ‍ॅलर्जी? त्यांनी सगळी उत्तरं दिली. सिस्टरनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. "भुलीचं यंत्र तपासलं का?" या ओळीवर मी "हो" म्हणणार तोच मावशींनी मान वळवून विचारलं, "बाई, आज सोमवार आहे. ते दाणे बदललेत का?"

मी यंत्राचा डबा त्यांना दिसेल असा वळवला. पहाटेच भरलेला होता, वरची तारीखही दाखवली. त्यांनी चष्मा नसताना डोळे बारीक करून ती वाचली, मग सुईसाठी हात पुढे केला.